काळोखात हरवलेली माणसे

गेल्या गणेशोत्सवात येथील काही मराठी मित्रांनी दिल्लीच्या रस्त्यांवर टिपलेली आपली कृष्णधवल छायाचित्रे सभागृहाबाहेरील भिंतीवर मांडली होती. आठवडाभर फायली हाताळून रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवणारी ही मंडळी. त्यांत आम्हीही एक. अशा हौशी उद्योगाचे कौतुक करावे, दोष काढू नयेत, असा शिष्टाचार आहे. परंतु मुलूख सोडून राहिलेल्या आपल्या समाजात कौतुकाची वाण कधीच नसते. वाण असते ती चिकित्सेची. म्हणून हे चार शब्द लिहीत आहो.

त्या भिंतीवरील बहुतेक चित्रांत एकच हातोटी दिसली. सावली कुळकुळीत काळी, ऊन पांढरेफेक, आणि मधल्या करड्या छटा जवळजवळ नाहीशा. छायाचित्रकार ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात तो छायाप्रकाशाचा विरोध वाढविला की चित्र आपोआप 'कलात्मक' होते, अशी समजूत रूढ झाली आहे. आम्हीही तिचे बळी आहोत.

आमच्याच चित्राची गोष्ट घेऊ. खारी बावलीत, फतेहपुरी मशिदीपासून जवळच, एक हमाल (येथे त्याला पल्लेदार म्हणतात) पाठीवर पोते घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. मागे ऊन, पुढे सावली. आम्ही कळ दाबली आणि घरी येऊन संगणकावर ती सावली आणखी गडद केली. वाकलेली पाठ, पोत्याची उजळ कड, बाकी काळोख. प्रदर्शनात चित्राची वाहवा झाली. त्या उत्साहात एक प्रत घेऊन आम्ही पुन्हा खारी बावलीत गेलो. तो भेटला. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिले, सोबत्याला दाखविले आणि विचारले, "बाबूजी, इसमें मेरा मुँह कहाँ है?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. चित्रात पोते ओळखू येत होते, माणूस येत नव्हता.

दोष सर्वस्वी आमचा. तरी त्यात दिल्लीच्या उन्हाचाही थोडा वाटा आहे. जूनमध्ये येथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही ३८ अंशांच्या आसपास राहतो. प्रकाश तिरपा येऊन चेहऱ्यावर उतरतो. दुसरी फसगत रंगांची. लाल किल्ल्याची भिंत आणि तिच्यापुढील हिरवे झाड डोळ्यांना निराळे दिसतात. कृष्णधवलात मात्र दोन्ही एकाच करड्या छटेत विरघळू शकतात. मग चित्र फिके पडले म्हणून आपण त्यावर काळिमा ओततो. वास्तविक उणीव रचनेची असते, आणि ती झाकण्याचे काम आपण विरोधाकडून करून घेतो.

थोरांची चित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकाशी नेहरू गांधीजींच्या मृत्यूची वार्ता जमावाला सांगत असता कार्तिए-ब्रेसाँ यांनी घेतलेले चित्र अपुऱ्या उजेडातले, काहीसे अस्पष्ट आहे. तेथे काळोख आहे, परंतु तो त्या रात्रीचा आहे, मागाहून आणलेला नव्हे. म्हणूनच तो खरा वाटतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीत आल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी वृत्तछायाचित्रणाचे काम केले. त्यांच्या चित्रांत समारंभाच्या गर्दीतही चेहरे हरवत नाहीत. रघु राय यांच्या चावडी बाजारातील वाहतुकीच्या चित्रात चौकट काठोकाठ भरलेली आहे. तरी मधल्या छटा शाबूत असल्यामुळे त्या दाटीतही माणूस गाड्यांपासून वेगळा उरतो.

यावरून हौशी माणसाने घ्यावयाचा धडा सोपा आहे. विरोध कळ दाबण्यापूर्वीच शोधावा. प्रथम पार्श्वभूमी निवडावी, मग तिच्यासमोर माणूस येईपर्यंत थांबावे. उजळ कपड्यामागे काळे दार असावे, सावळ्या चेहऱ्यामागे उन्हाने उजळलेली भिंत. कॅनॉट प्लेसच्या खांबांमागे उभे राहावे. तेथे उघड्या बाजूने येणारा प्रकाश सावलीतील चेहऱ्यालाही आकार देतो. फिल्म वापरणाऱ्यांनी सावलीतील तपशील उमटेल इतका प्रकाश द्यावा. डिजिटल कॅमेऱ्यात उलट उन्हाचा भाग जळू न देण्याची काळजी घ्यावी आणि सावली नंतर बेताने उजळावी. दोन पावले डावीकडे सरकल्याने जे साधते, ते संगणकावर दोन तास घालवूनही साधत नाही. खारी बावलीत आम्ही ती दोन पावले टाकली असती, तर प्रकाश त्या हमालाच्या गालावर सापडला असता.

काळी आकृती कधीच काढू नये, असे आमचे म्हणणे नाही. छत्री, सायकल, मशिदीचा मिनार यांच्या नुसत्या आकारातही सौंदर्य असते. परंतु ज्याचे कष्ट दाखवावयाचे त्याचाच चेहरा पुसून टाकणे, हे सौंदर्याच्या नावाने केलेले अन्यायाचे काम होय. कचेरीत आपण माणसांना अर्जाच्या क्रमांकाने ओळखतो, तेथे आपला इलाज नसतो. रविवारी तरी त्यांना चेहऱ्याने ओळखावे.

पुढील गणेशोत्सवात भिंतीवर चित्र टांगण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच स्वतःला विचारावे: ज्याचे हे चित्र, त्याच्या हाती ते दिले तर तो स्वतःला ओळखील काय? आम्ही आमचे चित्र काढून घेतले आहे. येत्या डिसेंबरात, उन्हे तिरपी झाली की, खारी बावलीत पुन्हा जाणार आहो.