सॉ पामेटोचे परीक्षण : मूत्रविकारांच्या चिकित्सेत प्रमाण कशास म्हणावे?

उतारवयात अष्ठीला ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, वाढू लागली की मूत्रमार्गावर दाब येतो. लघवीची धार क्षीण होते, रात्री वारंवार उठावे लागते आणि मूत्राशय पुरते रिते झाल्याचे समाधान लाभत नाही. ह्या तक्रारींवर सॉ पामेटो ह्या, अमेरिकेच्या आग्नेय भागात उगवणाऱ्या ठेंगण्या ताडाच्या फळांचा अर्क यूरोप व अमेरिकेत दीर्घकाळ घेतला जात आहे. त्यासंबंधीच्या संशोधनाने एका तपात जी कलाटणी घेतली, ती मूत्रविकारांवरील कोणत्याही औषधाचा विचार करणाऱ्याने लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे.

१९९८ मध्ये विल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ प्रयोगांतील २,९३९ रुग्णांची माहिती एकत्र करून अर्कास अनुकूल निष्कर्ष काढला. परंतु मूळ प्रयोगांपैकी बहुतेक अल्पकालीन होते. त्यांची सरासरी मुदत सुमारे ९ आठवडे भरते. शिवाय ह्या विकाराच्या तक्रारी मुळातच कमीअधिक होत असतात. रुग्ण वैद्याकडे जातो तो त्रास वाढला असताना. त्यानंतर काही काळाने औषधावाचूनही थोडा उतार पडणे स्वाभाविक असते. ह्या उताराचे श्रेय त्या वेळी हाती असलेल्या औषधास मिळते. म्हणूनच एका गटास औषध व दुसऱ्यास तसेच दिसणारे मिथ्यौषध देऊन, कोणास काय मिळाले हे रुग्णापासून व वैद्यापासून गुप्त ठेवावे लागते. येथे त्या अर्काचा उग्र वास ही मोठी अडचण होती. रुग्णास वासावरून औषध ओळखता आले, तर सारी दक्षता व्यर्थ ठरते.

बेंट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे महत्त्व ह्याच ठिकाणी आहे. त्यांनी २२५ पुरुषांस वर्षभर दिवसातून दोनदा १६० मिलिग्रॅम अर्क किंवा मिथ्यौषध दिले. शेवटी रुग्णांसच विचारले असता, अर्क घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांस आणि मिथ्यौषध घेणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांस आपण अर्कच घेत होतो असे वाटले. गुप्तता टिकली होती, ह्याचा याहून चांगला पुरावा कोणता? तक्रारी ० ते ३५ ह्या गुणांकाने मोजल्या गेल्या. दोन्ही गटांतील फरक अवघा ०.०४ गुणांचा निघाला, आणि ग्रंथीच्या आकारातही अंतर पडले नाही. रुग्णास थोडा तरी फरक जाणवण्यास सुमारे ३ गुणांची घट लागते, हे बॅरी व सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच दाखविले होते. हा निकष जमेस धरला म्हणजे ह्या निष्कर्षाचे वजन ध्यानात येते.

मात्रा अपुरी होती, असा आक्षेप ह्यानंतर घेतला गेला, आणि तो गैरवाजवी नव्हता. त्याचे उत्तर बॅरी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दिले. ३६९ पुरुषांवरील ७२ आठवड्यांच्या प्रयोगात मात्रा टप्प्याटप्प्याने दुप्पट व तिप्पट, म्हणजे रोज ९६० मिलिग्रॅमपर्यंत, वाढविण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचा सरासरी गुणांक २.२० ने उतरला. मिथ्यौषध घेणाऱ्यांचा २.९९ ने.

ह्या दोन्ही प्रयोगांत एक उणीव आहे. ज्याचा गुण आधीच सिद्ध आहे अशा औषधाचा तिसरा गट त्यांत नव्हता. तो असता, तर प्रयोगाची रचना खरा गुण ओळखण्यास समर्थ होती हे प्रत्यक्ष दिसले असते. तसेच अर्क काढण्याच्या पद्धती भिन्न आहेत. हेक्झेन ह्या द्रावकाने काढलेल्या अर्काचे पुरस्कर्ते आपले औषध वेगळे असल्याचे म्हणतात, आणि त्या अर्कापुरता निर्णय ह्या दोन प्रयोगांवरून देता येत नाही. मात्र वेगळेपणाचा दावा करणाऱ्याने तितक्याच कडक कसोटीस उतरले पाहिजे.

प्रयोगशाळेत हा अर्क ग्रंथीच्या वाढीस कारण होणाऱ्या संप्रेरकाच्या निर्मितीत अडथळा आणतो असे आढळले होते. ती उपपत्ती मोहक होती. परंतु माणसाच्या शरीरात ग्रंथी लहान झाली नाही. उपपत्ती कितीही सुसंगत असली तरी ती प्रमाणाची जागा घेऊ शकत नाही, हा ह्या संशोधनाचा पहिला बोध होय. दुसरा अधिक गंभीर आहे. मिथ्यौषध घेणाऱ्यांसही बरे वाटले, आणि ते वाटणे खोटे नव्हते. पण केवळ वाटण्याने मूत्रमार्गाचा अवरोध हटत नाही. तुंबलेल्या मूत्राचा ताण मूत्राशयावर आणि काही रुग्णांत अखेर मूत्रपिंडांवर येतो. समाधानाच्या भरात दवडलेले महिने असा रुग्ण परत मिळवू शकत नाही.

आपल्याकडे मूत्रविकारांवर गोखरू व वरुण ह्यांचा उपयोग परंपरेने चालत आला आहे. त्यांच्याविषयी सॉ पामेटोवरून अनुकूल वा प्रतिकूल असे कोणतेच अनुमान काढणे योग्य नव्हे. परंतु परीक्षणाची रीत मात्र ह्या इतिहासाने घालून दिली आहे : पुरेशी मुदत, राखलेली व तपासलेली गुप्तता आणि रुग्णास जाणवेल असा फरक. ह्या तिन्ही अटी ज्या प्रयोगाने पाळल्या नाहीत, त्याचा अनुकूल निष्कर्ष हा केवळ पुढील प्रयोगाचा प्रारंभ समजावा.