शिंपल्याची चकाकी आणि शिंपल्याचा उजेड : एक तौलनिक सौंदर्यविचार

प्रस्तावना :
भारतीय उपयोजित कलांच्या विवेचनात शिंपल्याच्या कामाचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. जेथे येतो, तेथे गुजरातेतील शिंपल्याने मढविलेल्या पेट्या आणि गोव्यातील शिंपल्यांच्या खिडक्या ‘मदर ऑफ पर्ल’ या एकाच नावाखाली एकत्र केल्या जातात. या दोन कलाप्रकारांतील भेद स्पष्ट करणे आणि त्यांच्या प्रचलित मूल्यमापनाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुजरातची पेटी :
मोत्याच्या शिंपल्याचा आतला थर अ‍ॅरागोनाइट या खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा असतो. त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे परावर्तित किरण परस्परांत मिसळतात व रंगछटा उमटतात. हे रंग लेपाचे नसून रचनेचे आहेत. गुजरातच्या कारागिरांनी हा गुण नेमका हेरला. काही वस्तूंत त्यांनी काळ्या लाखेत शिंपल्याचे तुकडे बसविले, तर काहींत लाकडावर माशाच्या खवल्यांसारखे तुकडे रचून पितळी खिळ्यांनी जडविले. तुकड्यांचा आकार एकच, परंतु प्रत्येकाची चमक निराळी; त्यामुळे पाहणारा जागचा हलला की पृष्ठभागही बदलतो. फत्तेपूर सिक्री येथील सलीम चिश्ती यांच्या दर्ग्यातील कबरीवरील छत्रीतही हे माध्यम आढळते.

अशा वस्तूंना सरसकट ‘इंडो-पोर्तुगीज’ म्हणण्याचा प्रघात मात्र तपासून पाहावा लागतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका गुजराती पेटीला पिएर मांगो या सुवर्णकाराने 1532-33 मध्ये चांदीचे कोंदण केले. दीव येथे पोर्तुगीजांना किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली ती 1535 मध्ये. तेव्हा गुजरातेत सुलतान बहादूरशहाची सत्ता होती. पोर्तुगीज जहाजांनी या वस्तू युरोपात नेल्या असतील. पण वाहून नेणाऱ्याचे नाव घडविणाऱ्याच्या कलेला देणे न्याय्य नाही. कोंदण करणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे, पेटी घडविणाऱ्याचे नाही. ‘इंडो-पोर्तुगीज’ या नामाभिधानाने ही विषमता अधिकच दृढ होते.

गोव्याची खिडकी :
गोव्याच्या जुन्या घरांतील खिडक्यांचा शिंपला ‘प्लॅक्युना प्लॅसेंटा’ या जातीचा आहे. तो चपटा, पातळ व अर्धपारदर्शक असून मुख्यतः कॅल्साइटचा बनलेला असतो. काटेकोर अर्थाने तो मोत्याच्या शिंपल्याचा थर नव्हेच. त्याच्या कडा घासून चौकोनी तुकडे करतात आणि ते लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवितात. पेटीचा शिंपला प्रकाश परतवितो, तर खिडकीचा शिंपला तो आत घेतो, पण गाळून. उन्हाची तिरीप खोलीत शिरते ती दुधाळ उजेड होऊन. बाहेरच्याला आतले दिसत नाही आणि आतल्याला अंधारात बसावे लागत नाही.

या खिडकीला ‘काचेचा पर्याय’ म्हणणारी समीक्षा केवळ उपयुक्ततेच्या मोजमापाने बोलते. काच बाहेरचे दृश्य दाखविते. शिंपला दृश्य अडवून उजेड तेवढा देतो. दोहोंचे प्रयोजनच भिन्न असल्यामुळे काच बसविली की खोलीचा स्वभाव बदलतो. येथे शिंपला शोभेसाठी वेगळा लावलेला नसून वास्तूचा अवयव आहे. म्हणूनच सजावट आणि उपयोग अशी विभागणी या खिडकीला लागू पडत नाही.

निष्कर्ष :
एकाच नावामुळे दोन वेगळे पदार्थ, दोन प्रक्रिया आणि दोन सौंदर्यदृष्टी यांची गल्लत झाली आहे. पेटीचे सौंदर्य पृष्ठभागावर आहे, खिडकीचे अवकाशात. पेट्या संग्रहालयांनी जपल्या. खिडकी मात्र घरासोबतच टिकते किंवा जाते. प्लॅक्युना शिंपल्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण लाभल्यामुळे नव्या शिंपल्यांची मुबलकता गृहीत धरता येत नाही. त्यामुळे मोडकळीस आलेल्या खिडक्यांतील शाबूत तुकडे जपून त्यांचा दुरुस्तीसाठी पुनर्वापर करणे अगत्याचे ठरते. एवढ्यासाठी तरी अभ्यासकांनी प्रथम नावे नेमकी केली पाहिजेत. कारण ज्याचे नाव चुकते त्याचे जतनही चुकते.