लाल ताटाचा पेपर कसा वाचावा? नजर, तहान आणि पाण्याचा हिशेब



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिसमध्ये अडकलाय. 'पेपर वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं?' हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आज उत्तर म्हणून एकच पेपर घेऊन बसू. विषय नर्सिंगचा आहे, पण तुम्ही रसायनशास्त्राचे असा की प्राणिशास्त्राचे, पद्धत तीच लागते.

आधी एक कबुली देते.

तीन वर्षांपूर्वी माझी आजी जुलाबाने आजारी पडली आणि तिला तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ठेवावं लागलं. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानाला मशीन. दोन दिवस सलाईन झालं, मग तोंडाने पाणी द्यायला सांगितलं. सिस्टरनी कॉटला अडकवलेला इनटेक-आउटपुट चार्ट माझ्याकडे दिला. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तीसेक पेशंट, म्हणजे चार्ट नातेवाइकानेच भरायचा. मी एमएस्सी झालेली, मोजमाप म्हटलं की हात शिवशिवतात. दर दोन तासांनी फुलपात्र भरून लॉकरवर ठेवायचे आणि चार्टवर लिहायचे, '२०० मिली'. दिवसअखेर बेरीज १६००. छानच की!

तिसऱ्या दिवशी आजी असंबद्ध बोलायला लागली. रक्त तपासलं तर सोडियम १५२. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. म्हणजे शरीरात पाणी कमी पडलं होतं. मग लक्षात आलं की मी 'दिलेलं' पाणी लिहीत होते, 'प्यायलेलं' नाही. स्टीलच्या लॉकरवर स्टीलचं फुलपात्र आणि त्यात रंग नसलेलं पाणी, मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्यातलं काय दिसणार? मी वाकून 'आजी, पाणी ठेवलंय गं' म्हणायचे, तेही तिला ऐकू जात नव्हतं. चष्मा आणि कानाचं मशीन दोन्ही माझ्या पर्समध्ये होती. हरवू नयेत म्हणून! उरलेलं पाणी मावशी रोज बेसिनमध्ये ओतत होत्या आणि मी पुन्हा नवीन २०० लिहीत होते.

आजी बरी झाली. मी मात्र तेव्हापासून हा विषय सोडला नाही.

दोन प्रकरणं, मधे भिंत

नर्सिंगचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. 'संवेदनांची कमतरता असलेल्या रुग्णाची शुश्रूषा' हे एक प्रकरण. त्यात असतं की समोर उभं राहून बोला, खोलीत आल्यावर नाव सांगा, ताटातले पदार्थ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे समजावा, चष्मा-मशीन हाताशी ठेवा. 'द्रव आणि क्षारांचा असमतोल' हे वेगळं प्रकरण. त्यात चार्ट, वजन, सोडियम, सूज, सलाईनचे प्रकार. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एका प्रकरणात दुसऱ्याचा उल्लेख एखाद-दुसऱ्या ओळीपुरता. परीक्षेतही दोन वेगळे प्रश्न. आजीच्या कॉटवर मात्र दोन्ही प्रकरणं एकत्रच झोपली होती.

'तहान लागली की माणूस मागेलच' ही आपली समजूत इथे घात करते. १९८४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. सात तरुण आणि सात म्हातारे पुरुष, सगळे निरोगी. सगळ्यांना २४ तास पाणी बंद. म्हाताऱ्यांचं रक्त जास्त घट्ट झालं, तरी त्यांना तहान कमी जाणवली आणि नंतर पाणी समोर ठेवल्यावरही ते कमी प्यायले. म्हणजे वय झालं की आतली घंटाच मंद वाजते. त्यात नजर अधू असेल तर समोरचं पाणीही आठवण करून देत नाही.

पेपर काय म्हणतो

या दोन प्रकरणांमधली भिंत पाडणारे पेपर कमी आहेत. त्यातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा म्हणजे डन आणि सहकाऱ्यांचा, 'क्लिनिकल न्यूट्रिशन', २००४. अल्झायमर खूप पुढे गेलेले नऊ पुरुष. या आजारात रंगछटांमधला फरक ओळखण्याची क्षमता, म्हणजे कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी, कमी होते. मग प्रश्न असा की पांढऱ्या ताटातलं अन्न त्यांना नीट दिसतच नसेल तर? दहा दिवस पांढरी भांडी, दहा दिवस गडद लाल, पुन्हा दहा दिवस पांढरी. रोज दोन जेवणांत किती खाल्लं-प्यायलं ते मोजलं. लाल भांड्यांत खाणं सरासरी २५ टक्के आणि द्रवपदार्थ घेणं ८४ टक्के वाढलं. नऊपैकी आठ जणांचं प्रमाण वाढलं.

वर्षभराने त्यांनी पुढचा भाग केला. गडद निळी भांडी वापरली तर पुन्हा वाढ दिसली. फिकट लाल आणि फिकट निळी वापरली तर फरक पडला नाही.

पेपर एवढाच. आता वाचायला बसू.

जमलेलं काय

पहिली गोष्ट, प्रत्येक रुग्ण स्वतःशीच ताडून पाहिला. नऊ जणांचे दोन गट केले असते तर हाती काहीच आलं नसतं. पांढरं-लाल-पांढरं या रचनेला एबीए म्हणतात. शेवटचे दहा दिवस बिनकामाचे वाटतात, पण खरा जीव त्यांच्यातच आहे. नुसतं पांढऱ्यावरून लालवर गेले असते तर वाढीचं श्रेय हवामानाला, नव्या आचाऱ्याला, कशालाही देता आलं असतं. परत मागे जाऊन बघितल्यामुळे अशा शंका कमी होतात.

दुसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर संशय घेतला. लाल रंगच भूक वाढवत असेल तर? म्हणून निळा आणला, फिकट लाल आणला. गडद निळा चालला, फिकट लाल चालला नाही, म्हणजे काम रंगाचं नाही, कॉन्ट्रास्टचं आहे. आपल्याकडे थीसिसमध्ये 'परिणाम दिसला' की लगेच पुढच्या प्रकरणाकडे पळतात. इथे 'का दिसला' यासाठी पुन्हा प्रयोग केलाय.

कच्चं काय

आता ८४ टक्क्यांकडे बघा. कशाचे ८४ टक्के? शंभर मिली पिणारा १८४ वर गेला तरी वाढ ८४ टक्केच, पण त्या वाढीने त्याची तहान भागत नाही. दुसरं, नऊ जणांची सरासरी फार नाजूक असते. नुसती कल्पना करा, एकाचं काहीच वाढलं नाही, सात जणांचं ४५ टक्क्यांनी वाढलं आणि एक जण ५० मिलीवरून २७० वर गेला, म्हणजे ४४० टक्के. बेरीज करा, नऊने भागा. उत्तर ८४ च्या जवळ येतं. तिथे असंच घडलं असं मी म्हणत नाहीये. सरासरी एकट्या आकड्याने सांगितली की काय काय लपू शकतं, एवढंच दाखवतेय. टक्क्यांतली वाढ दिसली की आधी मूळ आकडा शोधायचा, ही सवय आजच लावून घ्या.

तिसरं, मोजणी दोन जेवणांपुरती. जेवताना जास्त प्यायलेला माणूस दुपारी कमी प्यायला असेल तर २४ तासांचा हिशेब तिथेच राहतो. चौथं, भांड्याचा रंग लपवता येत नाही. जवळ बसलेल्याला माहीत असतं की आज लाल आहे, आणि नकळत तो एक घोट जास्त पाजतो.

पाचवं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, 'जास्त प्यायले' म्हणजे 'पाण्याचा समतोल सुधारला' नव्हे. शरीरात पाणी कमी आहे का, हे सांगणारं चांगलं माप म्हणजे रक्ताची ऑस्मोलॅलिटी. ती ३०० मिलीऑस्मोल प्रति किलोच्या वर गेली की कमी पाणी प्यायल्याने आलेलं निर्जलीकरण मानतात. या पेपरचा निष्कर्ष उभा आहे तो पिण्याच्या प्रमाणावर, रक्तावर नाही. आणि वॉर्डात सगळ्यांनाच जास्त पाणी हवं असतं असंही नाही. हृदय थकलेल्या किंवा डायलिसिसवरच्या रुग्णाला पाण्याचं बंधन असतं. तिथे नजर अधू असलेल्या माणसाला पेल्यावर बोटाला लागेल अशी खूण हवी, म्हणजे ठरलेलं पाणी कुठे संपतं ते त्याला कळेल. असमतोल दोन्ही बाजूंना असतो, पेपर एकाच बाजूचा आहे.

पेपर कसा वापरला जातो

खरी तक्रार मात्र पेपरवर नाही, त्याच्या पुढच्या प्रवासावर आहे. सेमिनारमध्ये मी हा अभ्यास 'लाल रंगाने रुग्ण जास्त खातात' अशा एका वाक्यात ऐकलाय. लेखकांनी मुद्दाम निळा रंग आणून जे खोडलं, तेच त्यांच्या नावावर फिरतंय! पुढचा भाग वाचलाच नाही की असं होतं. दुसरी उडी म्हणजे 'अल्झायमर झालेले पुरुष' याचं परस्पर 'सगळे वृद्ध' होऊन जातं. माझ्या आजीची बुद्धी शाबूत होती. तिला लाल भांडं नको होतं, नाकावर चष्मा आणि कानात मशीन हवं होतं, आणि पाणी लॉकरवर न ठेवता हातात द्यायला हवं होतं. मोतीबिंदूतही कॉन्ट्रास्ट कमी दिसतो, म्हणून त्या उपायाचा तिलाही फायदा होईल असा अंदाज बांधता येतो. पण अंदाज आणि पुरावा यांच्या मधली जागा तुमच्या सिनॉप्सिसची आहे, ती एका वाक्यात उडवू नका.

मग मोजायचं कसं?

'जीभ बघा, कातडी चिमटीत धरून बघा' असं पुस्तकं सांगतात. इंग्लंडमधल्या वृद्धनिवासांत झालेल्या 'ड्राय' नावाच्या अभ्यासात १८८ वृद्धांचं रक्त तपासलं. २० टक्के लोकांत निर्जलीकरण निघालं. त्याच अभ्यासाचा २०१९ चा पेपर सांगतो की कोरडं तोंड, कातडीची चिमटी, लघवीचा रंग ही नेहमीची लक्षणं या वयात ते ओळखायला कामाची ठरली नाहीत. कर्मचाऱ्यांनी भरलेल्या चार्टचंही तेच. २०१५ मध्ये तिथल्याच एका छोट्या अभ्यासात प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहिलं, तर वृद्धांनी स्वतः ठेवलेली नोंद बरीच जुळली आणि कर्मचाऱ्यांचा चार्ट जुळला नाही. हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं, म्हणजे चुकणारी मी एकटी नव्हते. पण लगेच पुढचा प्रश्न आला. ज्याला वहीच दिसत नाही त्याने नोंद कशी ठेवायची? बोटाने सरकवायचे मणी? प्रत्येक पेल्यामागे डब्यात एक खडा? ही माझी अटकळ आहे, पण तपासण्यासारखी आहे.

म्हणून या क्षेत्रात काम करायचं मनात असेल तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा. तुम्ही दिलेलं पाणी मोजणार आहात, प्यायलेलं की शरीरात पोचलेलं? तुमच्या रुग्णाची अडचण न दिसण्याची आहे, न ऐकू येण्याची की न आठवण्याची? कारण तिन्हींचे उपाय वेगळे. आणि ज्याला जास्त पाणी धोक्याचं आहे तो तुमच्या नमुन्यात असणार की नाही?

जाता जाता आजीचं सांगते. घरी आल्यावर मी मोठ्या हौसेने तिला लाल प्लॅस्टिकचा ग्लास आणला. ती म्हणाली, "यात पाण्याला वास येतो, माझं फुलपात्र दे." मग पेपरचा दुसरा भाग आठवला आणि फुलपात्राखाली गडद निळा रुमाल अंथरला. आता ती स्वतःहून हात पुढे करते. नमुना एक, तुलनेला कोणी नाही, आणि रुमाल आला त्याच आठवड्यात तिचा चष्माही बदलला होता. तेव्हा थीसिसमध्ये हा दाखला देऊ नका!

पुढच्या लेखात सोडियम, पोटॅशियम, साखर आणि युरिया या चार आकड्यांवरून ऑस्मोलॅलिटी कशी काढतात ते बघू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.