विटाळ आणि प्रदूषण

शब्दाचा अर्थ सांगताना पर्यायशब्दांची लांबलचक माळ वाचकांपुढे ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ‘प्रदूषण’ म्हणजे काय असे विचारावे, तर दूषितपणा, मलिनता, अशुद्धी, विटाळ अशी उत्तरे एका दमात मिळतात. यांतील शेवटच्या शब्दास या माळेत स्थान देण्यास आमची हरकत आहे, आणि ती केवळ व्याकरणाची नव्हे.

‘दुष्’ म्हणजे बिघडणे. या धातूपासून दोष, दूषण, दूषित हे शब्द झाले व ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘प्रदूषण’ सिद्ध झाले. इंग्रजीतील ‘पोल्यूशन’ हा लॅटिन वंशाचा शब्द. कित्येक शतके त्याचा अर्थ पावित्र्यभंग व नीतिभ्रष्टता असाच होता. पुढे कारखान्यांच्या युगात तोच शब्द धूर आणि सांडपाणी यांस लावण्यात आला. मराठीने तसे केले नाही. विटाळ, बाट, ओवळे, सुतक, शिवाशीव हे शब्द तिने घरात व देवळातच राहू दिले, आणि कारखान्याच्या मळीसाठी निराळा शब्द पत्करला. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाने त्यास कायद्यातही स्थान दिले. हा विवेक भाषेस भूषणावह आहे.

दोहोंतील भेद मापाचा आहे. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. विटाळास असे माप नाही. एक बोट लागले तरी सारा हंडा बाटतो. ते बोट कोणाचे, एवढाच काय तो प्रश्न. प्रदूषण पदार्थाचा गुण पाहते. विटाळ माणसाची जात पाहतो, स्त्रीचे चार दिवस मोजतो.

यावर कोणी म्हणेल की, विटाळ हे पूर्वजांचे आरोग्यशास्त्रच होते. २०२० च्या साथीत सोवळ्याची अशी तरफदारी पुष्कळ ऐकू आली. या मताची परीक्षा महाडास पूर्वीच झालेली आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्यावर इतर धर्मीयांस मज्जाव नव्हता. तरीही पाणी ‘बाटले’ असे ठरले, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडवून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ओंजळभर पाणी पिणे हा विटाळ आणि पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे ही शुद्धी! यात आरोग्यशास्त्र कोठे आहे, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे. पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याविषयीचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने दिला. पण शब्दांचा निवाडा न्यायालय करीत नाही, तो बोलणाऱ्यांनीच करावयाचा असतो.

हे दोन शब्द पर्यायी मानले की विटाळास विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखा होतो. उलट ज्या नदीस आपण पवित्र मानतो, तिच्यात गावाची गटारे सोडतानाही मनास खंत वाटेनाशी होते. कारण पवित्र वस्तू घाण होते, हेच मन मानीत नाही. म्हणून कोशात विटाळ हा शब्द अवश्य असावा. तो आपल्या इतिहासाची साक्ष आहे. मात्र त्यापुढे ‘प्रदूषण’ असा अर्थ लिहू नये. शाळेतून परतलेल्या मुलाने हे दोन शब्द एका ओळीत लिहून आणले, तर आईबापांनी ती वही बाजूस सारू नये. त्यास जवळ बसवून महाडची हकीकत सांगावी.