पौलाचे वाक्य आणि द्राक्षमळ्याचा धनी

काही वाक्ये आपल्या मूळ जागेवरून निसटतात आणि म्हणींसारखी हिंडू लागतात. ज्याची काम करण्याची इच्छा नाही त्याने जेवूही नये, हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील संत पौलाचे बजावणे अशांपैकीच एक. लेनिनने १९१७ साली ‘राज्य आणि क्रांती’ या पुस्तकात ते समाजवादाचे सूत्र म्हणून स्वीकारले आणि १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात ते जाऊन बसले. देवाचे नाव पुसू पाहणाऱ्या राजवटीला प्रेषिताचे वाक्य मात्र सोयीचे वाटले! आपल्याकडे ते भेटते धर्मग्रामाच्या मदत-समितीत. अशा एका बैठकीत मी स्वतः ते ऐकले आहे. एका विधवेचा अर्ज होता. “तिचा मुलगा धडधाकट आहे, दिवसभर नाक्यावर उभा असतो,” असे कोणीतरी म्हणाले, पौलाचा दाखला दिला गेला आणि अर्ज खाली सरकला. मीही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची टोचणी लागली म्हणून ते पत्र पुन्हा काढून वाचले.

पत्र हे पत्र म्हणून वाचावे लागते. कोणाला लिहिले आणि कशासाठी लिहिले हे विसरून चालत नाही. (ते खुद्द पौलाचेच की त्याच्या परंपरेतील कोणाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; येथे तो वाद बाजूला ठेवू.) पौल ज्यांच्यावर रागावला आहे त्यांच्यासाठी त्याने जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याचा अर्थ नुसता ‘आळशी’ असा नाही. पलटणीतील रांग मोडणाऱ्या शिपायाला तो लावीत, म्हणजे बेशिस्त. वाक्यातील क्रियापदही ‘इच्छिणे’ हे आहे. काम न मिळालेल्याविषयी पौल एक अक्षर काढीत नाही. त्याचा रोख आहे तो, काम असूनही ते टाकून भावांच्या पंक्तीला बसणाऱ्यांवर. प्रभूचा दिवस आलाच आहे, या समजुतीने त्यांनी काम सोडले असावे, असे भाष्यकार बहुधा म्हणतात. पण पत्रात तसे कोठेही लिहिलेले नाही. लगेच पुढे पौल एक कोटी करतो. ग्रीकमध्ये एकाच धातूची दोन रूपे शेजारी ठेवून त्याने ती साधली आहे आणि मराठीत ती आयतीच उतरते : ही माणसे उद्योग करीत नाहीत, नसते उद्योग मात्र करतात. रागाच्या भरातही पौलातला लेखक जागा आहे, हे पाहून मौज वाटते.

पण खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. दोनतीन ओळींनंतर तोच पौल मंडळीला सांगतो की, तुम्ही मात्र चांगले करताना थकू नका. आणि त्या बेशिस्त माणसाला वैरी मानू नका, भाऊ समजून समज द्या. आमच्या बैठकीत दहावे वचन आले, तेरावे आणि पंधरावे आले नाही.

ही खोड जुनीच आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात प्रवचने करणाऱ्या संत योहान ख्रिसोस्तोमलाही श्रोते हेच वाक्य ऐकवीत. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील एका प्रवचनात त्याने दिलेले उत्तर असे : पौल ते त्यांना सांगतो, आपल्याला सांगतो ते चांगले करताना न थकण्याचे. पुढे तो खोचकपणे विचारतो की, तुम्ही तरी काम करून जेवता, की बापाच्या वारशावर? वाडवडिलांच्या वाडीवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न झोंबल्याशिवाय राहत नाही.

या पत्राशेजारी मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दृष्टांत ठेवून पाहावा. धनी पहाटे बाजारात जातो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला. एवढ्या खेपा मुकादमाने घालायच्या, पण येथे धनी स्वतः घालतो. कथेतील मुकादम फक्त संध्याकाळी पैसे वाटायला येतो. अकराव्या तासाला भेटलेल्यांचे वर्णन करणारा ग्रीक शब्द धात्वर्थाने ‘कामाविना’ असा आहे. त्याचा अर्थ आळशी असाही होतो आणि बेकार असाही. मराठी ‘रिकामा’ आणि ‘रिकामटेकडा’ यांत जो भेद करते, तो त्या एका शब्दात मिटलेला आहे. हा भेद उलगडतो संवादातून. धनी विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. कथेतील धनी या उत्तराची शहानिशा करीत नाही. त्याला ते पुरेसे वाटते.

हा दृष्टांत कृपेचा आहे, मजुरीचा नव्हे, असा आक्षेप येईल. मला तो अर्धाच पटतो. तो दिनार म्हणजे मजुराच्या घरची एका दिवसाची चूल. मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, हा अनुवादातील नियम कथेमागे उभा आहे. कृपेसाठी प्रभूने निवडलेली प्रतिमा इतकी रोखठोक असताना आपणच ती हवेत का उडवावी? जॉन रस्किनने १८६० मध्ये अर्थशास्त्रावरील आपल्या लेखांना याच दृष्टांतातले नाव दिले. गांधीजींनी ते पुस्तक १९०४ साली आफ्रिकेत आगगाडीत वाचले आणि १९०८ मध्ये गुजरातीत त्याचा सारांश लिहिला, ‘सर्वोदय’. धडधाकट माणसाला फुकट जेवू घालण्याच्या विरुद्ध असलेले गांधीजी या दृष्टांताच्या वाटेने सर्वोदयापर्यंत आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण मळ्याचा धनीही बाजारात नाणी उधळीत नाही. तो आधी मळ्यात बोलावतो. तास एकच उरलेला असला तरी.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईतील मजुरांचे नाके ओस पडले आणि धडधाकट माणसे शिध्याच्या रांगेत उभी राहिली. तेव्हा मला तरी पौलाचे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकू आले नाही. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते, हे सगळ्यांना दिसत होते. एरवी ते विचारावे लागते. आमच्या त्या बैठकीत विधवेचा मुलगा बाहेर व्हरांड्यातच थांबला होता. त्याला आत कोणी बोलावले नाही.