बिढार आणि तासिका : मराठी कादंबरीतील प्राध्यापक

मराठी कादंबरीतील महाविद्यालयीन जीवनाचा विचार भालचंद्र नेमाडे यांच्या पाच कादंबऱ्यांना वळसा घालून करता येत नाही. ‘कोसला’ (1963) मध्ये विद्यार्थी, तर ‘बिढार’ (1975), ‘हूल’ (1975), ‘जरीला’ (1977) आणि ‘झूल’ (1979) या चतुष्टयात अध्यापक, अशा दोन टोकांनी तेथे ही संस्था न्याहाळली गेली आहे. या कादंबऱ्यांची चर्चा बहुधा भाषा, अस्तित्ववाद आणि देशीयता या अंगांनी झाली. संस्थाजीवन त्या चर्चेत केवळ पार्श्वभूमी म्हणून उरले. वस्तुतः वसतिगृह, खानावळ, स्टाफरूम आणि संस्थाचालकांची मर्जी यांतूनच त्यांचे कथनरूप घडले आहे. कादंबरीतील काळ आणि अवकाश परस्परांत विणलेले असतात व त्या विणीतून पात्राची प्रतिमा सिद्ध होते, हे बाख्तीनचे प्रतिपादन येथे उपयोगी पडावे.

‘कोसला’चा कालावकाश शैक्षणिक वर्षाचा आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो, मंडळे चालवतो, खानावळीचा कारभार अंगावर घेतो आणि अखेरीस हाती काही न लागता गावी परततो. वर्षे वाया जाणे हे या कादंबरीचे आशयसूत्र आहे. पण वर्षे वाया घालवता येण्यासाठी ती आधी हाताशी असावी लागतात. पांडुरंगाची ती सोय सांगवीतल्या शेतीने आणि वडिलांच्या पैशाने केलेली आहे. त्याच्या शून्यभावाच्या तत्त्वज्ञानावर पुष्कळ लिहिले गेले, त्यामागच्या जमिनीवर मात्र त्या मानाने थोडे. पुढे प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (1979) सारख्या आत्मकथनात शिक्षणासाठीची वणवण आली, तेव्हा या उधळपट्टीचा वर्गीय आणि जातीय अर्थ उघड झाला. औरंगाबादला 1950 साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलाला नापास होणे हा काही जीवनविषयक पवित्रा म्हणून परवडणारा नव्हता.

चतुष्टयाचा कालावकाश वेगळा. चांगदेव पाटील नोकरीच्या निमित्ताने गावोगाव फिरतो. एका संस्थेतले राजकारण, जातींचे गट, सहकाऱ्यांचे हेवेदावे असह्य झाले की सामान बांधून तो पुढच्या गावाला लागतो. ‘बिढार’ हे शीर्षक केवळ एका कादंबरीचे असले तरी ते साऱ्या मालिकेचे रचनातत्त्व आहे. या भटकंतीला नेहमी असुरक्षिततेचे चित्रण म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. चांगदेवला सोडून जाता येते, कारण पुढच्या गावात नवे महाविद्यालय निघालेले असते आणि तेथे इंग्रजीचा प्राध्यापक हवा असतो. उच्चशिक्षणाच्या विस्ताराचा तो काळ होता. त्याची उपरोधाची भाषा, संस्थाचालकांकडे पाहण्याची तिरकस नजर, स्टाफरूममधले हसणे ही सारी राजीनाम्याच्या शक्यतेवर उभी आहेत. ज्याला निघून जाता येते त्यालाच असे हसता येते. बैलाच्या पाठीवरची झूल शोभेची असते, हे चांगदेव ओळखू शकतो. कारण जू अजून मानेवर पक्के बसलेले नाही.

हा पाया पुढे खचत गेला. महाराष्ट्रात 1983 पासून विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि ‘विनाअनुदानित’ हा शब्द हळूहळू सर्व विद्याशाखांत रुळला. 1991 मध्ये अध्यापकपदासाठी नेटसारख्या पात्रता परीक्षेची अट आली. पात्रताधारकांची संख्या वाढत गेली, पूर्णवेळ पदे मात्र दीर्घकाळ रिक्त राहू लागली आणि त्या जागी ‘तासिका तत्त्वावरील’ अध्यापक उभा राहिला. महाविद्यालयात त्याला ‘सीएचबी’ एवढेच म्हणतात. माणसाचे नाव नेमणुकीच्या प्रकारावरून पडण्याची ही रीत भाषाभ्यासकांनीही पाहण्याजोगी आहे. त्याचे मानधन तासावर, नेमणूक सत्रापुरती. तास झाला नाही तर मोबदला नाही. पावसाने सुट्टी जाहीर झाली की वर्गात आनंद होतो आणि त्याचा तेवढा दिवस बुडतो.

हा अध्यापक चांगदेवचा वंशज असला तरी चांगदेवचे कथनरूप त्याला लागू होत नाही. पांडुरंगाला परतता येते, चांगदेवला निघून जाता येते. याला दोन्ही वाटा बंद. तो एकाच जिल्ह्यातल्या दोन महाविद्यालयांत मोटारसायकलवर ये-जा करतो. राजीनामा द्यायला त्याच्यापाशी पदच नाही. आणि त्याने हसावे कसे? येत्या जूनमध्ये मुलाखत त्याच समितीपुढे द्यायची असते. उपरोध ही शैली म्हणून त्याला उपलब्ध नाही. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ (1994) ने शिक्षण आणि सत्ताकारण यांचा संबंध मोठ्या पटावर मांडला. पण तेथील प्रश्न संस्था कोणाच्या ताब्यात आहे हा आहे. संस्थेत असूनही जो तिचा नाही, त्याच्यासाठी वेगळी रचना लागेल. त्याच्याविषयी जे लेखन होते ते बहुतांशी कारुण्याकडे झुकते, आणि कारुण्य त्याचा हिशेब ठेवत नाही.

समीक्षाही या व्यवहाराच्या बाहेर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या विनियमांनी लेखाला गुण लावले आणि चर्चासत्रांच्या आयएसएसएन क्रमांकधारी खंडांचे पीक आले. त्या खंडांत नेमाड्यांवरील लेख काही कमी नाहीत. झुलीची थट्टा करणारी कादंबरी पदोन्नतीच्या कागदपत्रांत जाऊन बसली. लेखकाला याची गंमत वाटली असती.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थ्याचा काळही श्रेयांकांत मोजला जातो. सैद्धांतिक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातले पंधरा तास. पांडुरंगाचे ‘वर्ष’ आणि चांगदेवची ‘नोकरी’ या दोन्ही एककांची जागा आता तासाने घेतली आहे. या काळाची कादंबरी लिहू पाहणाऱ्याला ‘कोसला’तील रोजनिशीचे तंत्र अधिक जवळचे ठरेल. तासिका-अध्यापक महिन्याअखेर भरतो ते देयक हीसुद्धा एक रोजनिशीच आहे : दिनांक, वर्ग, विषय, तास, स्वाक्षरी. त्यातल्या एखाद्या ओळीमागे तुकाराम शिकवलेला असतो.

मात्र त्यासाठी मराठी कादंबरीला वर्गात शिरावे लागेल. नेमाड्यांच्या कादंबऱ्या खोलीत, रस्त्यावर, स्टाफरूममध्ये रमतात. प्रत्यक्ष शिकवणे तेथे ओझरते येते, कारण त्यांच्या नायकांचे खरे आयुष्य वर्गाबाहेर घडते. तासिका-अध्यापकाला अशी मुभा नाही. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांतच तो संस्थेच्या दप्तरी अस्तित्वात असतो.