तीर्थ आणि पाणी

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. पाण्याला देवाचे नाव देणाऱ्या आपल्या समाजास सत्यजित राय यांचा ‘गणशत्रू’ (१९८९) हा बंगाली चित्रपट परका वाटू नये. इब्सेनने १८८२ मध्ये स्नानगृहांच्या दूषित पाण्यावर रचिलेले नाटक रायांनी देवळातील चरणामृतावर आणिले. गंगाजल व तुळस असता तीर्थ दूषित कसे होईल, असा देवस्थानच्या चालकांचा युक्तिवाद आहे. परंतु मैलापाण्यातून येणारे काविळीचे विषाणू डोळ्यांस दिसत नाहीत, आणि तुळशीने मरतही नाहीत. इब्सेनचा डॉक्टर एकाकीपणासच सामर्थ्य मानतो. रायांच्या डॉक्टरास अखेर लोकांची साथ लाभते. नाट्यदृष्ट्या हा शेवट सुलभ खरा, तथापि तोच मला अधिक पटतो. जलवाहिनी साऱ्या गावाची असते. तिची शुद्धीही एकट्याने होत नाही.